पूर्वीं म्हणजे केव्हां ?

माझें जन्मगांव झरी जामणी तालुक्यांत, पैनगंगेपासून फार दूर नाहीं. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत माझीं तीस वर्षें गेलीं, आणि तीं सारीं गांवाबाहेर गेलीं. परंतु उन्हाळ्याच्या सुट्टींत गांवीं जाण्याचा नेम मीं सहसा मोडलेला नाहीं. गेल्या खेपेस गेलों असतां गांवच्या वनहक्क समितीचे दोघे तरुण सभासद घरीं आले. जवळच्या एका पोडावर (कोलामांच्या वस्तीस आमच्याकडे पोड म्हणतात) एका वृद्ध गृहस्थाचें निवेदन उतरून घ्यावयाचें होतें, आणि तें शुद्ध मराठींत उतरावें यासाठीं प्राध्यापकांनीं लेखणी धरावी असा त्यांचा आग्रह होता. ही कामगिरी मीं मोठ्या खुषीनें पत्करली. भाषेचा व्यवसाय करणाऱ्या माणसास आपल्या विद्येचा गांवाला कांहीं उपयोग आहे असें वाटण्याचे प्रसंग फार येत नाहींत.

काम असें होतें. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांस मान्यता देणारा अधिनियम २००६ सालीं झाला. त्यांत अनुसूचित जमातींखेरीज इतरांवर एक अट आहे : १३ डिसेंबर २००५ या दिवसापूर्वीं निदान तीन पिढ्या त्यांचें वास्तव्य मुख्यतः वनांत असलें पाहिजे आणि उपजीविकेसाठीं ते वनावर अवलंबून असले पाहिजेत. पिढी म्हणजे किती, हें कायद्यानें मोघम ठेवलेलें नाहीं. पिढी म्हणजे पंचवीस वर्षें. तीन पिढ्या म्हणजे पंचाहत्तर वर्षें; अर्थात् हिशेब १९३० सालच्या डिसेंबरापर्यंत मागें जातो. एवढ्या जुन्या काळाचा कागद गरिबाच्या घरांत कोठून असणार ? म्हणून नियमांत पुराव्याचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांचें लेखी उतरविलेलें निवेदन हाही एक प्रकार आहे. पोडावरचा वृद्ध स्वतः कोलाम. त्याला ही अट लागू नव्हती. तो बोलणार होता तो शेजारच्या, जमातीबाहेरच्या, एका कुटुंबासाठीं.

त्यानें बरेंच सांगितलें. मीं तें ऐकून घेतलें, आणि त्याचें सार म्हणून एक भारदस्त वाक्य लिहिलें कीं, सदरहू कुटुंब या ठिकाणीं पूर्वापार वास्तव्य करून आहे. रीतीप्रमाणें तें वाचून दाखविलें. वृद्धानें क्षणभर विचार केला आणि विचारलें, "पूर्वापार म्हंजे कवा जी ?"

मजपाशीं उत्तर नव्हतें. त्या प्रश्नानें पुढें कित्येक दिवस माझा पिच्छा सोडला नाहीं, आणि तो घेऊन मी प्रथम जेथें गेलों तें ठिकाण म्हणजे माझ्या व्यवसायाचें, इंग्रजी शब्दांचें.

इंग्रजी भाषेंत गतकालाचा निर्देश करणारे कित्येक जुने शब्द आहेत. योर, अर्स्ट, अर्स्टव्हाइल, व्हायलम, क्वॉण्डम, यस्टरियर हे त्यांतले प्रमुख. आमच्या विद्यार्थिदशेंत ते टिपणवहींत एकाखालीं एक लिहिलेले असत, आणि समोर एक मोठा महिरपी कंस काढून सर्वांचा मिळून एकच अर्थ दिलेला असे : 'पूर्वीं'. शिक्षक झाल्यावर मींही फळ्यावर तोच कंस काढीत आलों. वस्तुतः या शब्दांचे वंश निरनिराळे आहेत. 'योर' हा, कोशकारांच्या मतें, वर्ष या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी शब्दाच्या षष्ठीच्या अनेकवचनांतून निघाला. म्हणजे त्याच्या पोटांत वर्षें आहेत, पण किती तें नाहीं. 'व्हायलम' हें वेळ या अर्थाच्या शब्दाचें चतुर्थीचें अनेकवचन. त्याचा मूळ अर्थ 'वेळोवेळीं'. त्यावरून 'कोणे एके काळीं' आणि अखेरीस 'माजी' असा तो सरकत गेला. 'अर्स्ट' म्हणजे 'सर्वांत आधीं'. त्याला वेळवाचक शब्द जोडून 'अर्स्टव्हाइल' झाला. 'क्वॉण्डम' हें लॅटिन क्रियाविशेषण विद्वानांनीं जसेंच्या तसें उचललें, आणि तुटलेल्या मैत्रीविषयीं किंवा गेलेल्या पदाविषयीं किंचित् थट्टेच्या सुरांत बोलावयाचें असेल तेव्हां त्याची योजना होऊं लागली.

सर्वांत नवलाची गोष्ट 'यस्टरियर' या शब्दाची. ऐकतांना तो फार पुरातन वाटतो. परंतु १८७० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका भाषांतरासाठीं डॅन्टे गॅब्रिएल रोझेट्टी या कवीनें तो नव्यानें बनविला. पंधराव्या शतकांतल्या फ्रान्स्वा व्हियों या फ्रेंच कवीचा एक शब्द त्याला इंग्रजींत आणावयाचा होता. गंमत अशी कीं, त्या फ्रेंच शब्दाचा लॅटिन मुळाशीं असलेला अर्थ 'वर्षापूर्वीं', म्हणजे केवळ गेल्या सालीं, एवढाच होता. गेलें साल लांबत लांबत गतयुग झालें, आणि त्या गतयुगासाठीं एकोणिसाव्या शतकांत एक नवा जुना शब्द घडविण्यांत आला. बायरननें १८१२ सालीं 'चाइल्ड हॅरोल्ड' या काव्याच्या आरंभीं 'व्हायलम' घातला, तेव्हांही तो शब्द जुनाच झालेला होता, आणि जुना म्हणूनच तेथें घातला. तात्पर्य, हे शब्द काळ सांगत नाहींत, काळाचा वास देतात. देव्हाऱ्यांतल्या जुन्या चांदीच्या उपकरणांप्रमाणें ते सणावारीं बाहेर काढावयाचे आणि पुसून परत ठेवावयाचे. त्यांत कांहीं गैर आहे असें नाहीं. पण पाणी प्यावयाला कोणी तें भांडें घेत नाहीं.

एक शब्द मात्र या नियमास अपवाद झाला, आणि तो आपल्या देशांत. 'अर्स्टव्हाइल' हा शब्द इंग्लंडांत ग्रांथिक होऊन राहिला असतां आपल्याकडील इंग्रजी वृत्तपत्रांत तो रोज भेटतो. त्याचें कारण उघड आहे. इतर देशांत जें क्वचित् घडतें तें येथें वरचेवर घडलें : राज्यें, प्रांत, जिल्हे आणि पदव्या एकामागून एक 'पूर्वींच्या' होत गेल्या. संस्थानें विलीन झालीं. १९७१ सालच्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीनें संस्थानिकांची मान्यता व तनखे गेले. राज्यांच्या सीमा १९५६ सालीं बदलल्या आणि पुढेंही बदलत राहिल्या. या सर्व गेलेल्या गोष्टींस कांहीं तरी विशेषण हवें होतें. आमच्या गांवावरून पैनगंगा ओलांडली कीं आदिलाबाद. तो जिल्हा प्रथम निजामाच्या हैदराबाद संस्थानांत, १९५६ पासून आंध्र प्रदेशांत, २०१४ पासून तेलंगणांत. ११ ऑक्टोबर २०१६ रोजीं त्याचे चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमराम भीम आसिफाबाद. आतां जुन्या, अखंड जिल्ह्याविषयीं लिहावयाचें झालें कीं इंग्रजी वृत्तपत्रें 'अर्स्टव्हाइल आदिलाबाद' असें लिहितात. तेलुगु लोक त्यालाच 'उम्मडी आदिलाबाद' म्हणतात. उम्मडी म्हणजे एकत्र, सामायिक. इंग्रजी शब्द 'तें गेलें' एवढेंच सांगतो; तेलुगु शब्द वांटणीपूर्वींच्या घराची आठवण सांगतो. गोष्ट एकच, पण तिच्या आठवणीचीं कारणें दोन.

नदीच्या अलीकडे आमची स्थिति निराळी नाहीं. १९०८ सालच्या गॅझेटियरांत झरी जामणी हा तालुका शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. झरी आणि जामणी या दोन गांवांच्या नांवांनीं पुढें झालेला हा तालुका. त्या ग्रंथांत या बाजूला वणी आणि केळापूर आहेत. खुद्द जिल्ह्याचें नांवही यवतमाळ नव्हे, वणी, असें १९०५ पर्यंत होतें. त्याही मागें गेल्यास वऱ्हाडांत निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दोअंमली कारभार. १८०३ सालच्या देवगांवच्या तहानें तो संपला. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिलें. १९०२ सालीं तें कायमच्या पट्ट्यानें दिलें. १९०३ सालीं तें मध्य प्रांतास जोडलें गेलें. आणि इतकें होऊनही निजामाचें नाममात्र स्वामित्व कागदोपत्रीं राहिलेंच; १९३६ सालीं त्याच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब देण्यांत आला. आमच्या पोडावरचा वृद्ध मध्य प्रांत व वऱ्हाडांत जन्मला, मध्य प्रदेशांत वाढला, द्वैभाषिक मुंबई राज्यांत त्याचें लग्न झालें आणि महाराष्ट्रांत तो म्हातारा झाला. चार राज्यें त्यानें पाहिलीं, आणि त्यासाठीं त्याला पोड सोडून कोठेंही जावें लागलें नाहीं. अशा माणसानें 'पूर्वीं' म्हणावें आणि आपण ती एकच वेळ समजावी, हें कसें चालेल ?

आतां मराठीकडे वळूं. आपला नेहमींचा शब्द 'पूर्वीं'. संस्कृतांत 'पूर्व' म्हणजे समोरचा. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या समोरची दिशा ती पूर्व, पाठीमागची ती पश्चिम. आणि तोच न्याय काळाला लावून आधींचें तें पूर्व, नंतरचें तें पश्चात्. म्हणजे या शब्दाच्या कल्पनेंत गतकाल आपल्या डोळ्यांपुढें आहे आणि भविष्य पाठीशीं आहे. फारसींतून आलेल्या 'पेशजी' या शब्दांतही हेंच चित्र : पेश म्हणजे पुढें, समोर. पेशवा म्हणजे पुढें चालणारा, आणि पेशजी म्हणजे जें आपल्या पुढें होऊन गेलें तें. परंतु खेड्यांतला माणूस याच गोष्टीला 'मागें' म्हणतो : मागें एकदां पूर आला होता, पुढें पीक बरें येईल. एका भाषेंत हीं दोन विरुद्ध चित्रें सुखानें नांदत आहेत. एकांत वाडवडील वाटेवर आपल्या पुढें निघून गेले आहेत व आपण त्यांच्या मागून जात आहों. दुसऱ्यांत आपण चालत पुढें आलों आहों व ते मागें राहिले आहेत. विचार केला असतां दोन्ही खरीं वाटतात.

परंतु आपल्या भाषेंतील गतकालवाचक शब्दांचें खरें भांडार बोलण्यांत नव्हतें, दफ्तरांत होतें. पेशवाईच्या कागदांवर ज्यांची थोडी दृष्टि गेली असेल त्यांस पेशजी, साबीक, कदीम, गुदस्त, सालमजकूर, इस्तकबील, तागाईत हे शब्द पावलोपावलीं भेटले असतील. हे आपल्या 'पूर्वीं'प्रमाणें सैल शब्द नव्हेत. प्रत्येकाला त्याचें ठराविक काम होतें. 'कदीम' म्हणजे फार जुनें, ज्याचा आरंभ कोणी पाहिलेला नाहीं असें. 'साबीक' म्हणजे आतांच्या व्यवस्थेच्या लगेच आधीं जी चालत होती ती व्यवस्था. 'पेशजी' म्हणजे मागल्या अंमलांत वा मागल्या प्रसंगीं. 'गुदस्त' म्हणजे सरलेलें साल. 'सालमजकूर' म्हणजे ज्याविषयीं लिहिणें चाललें आहे तें साल. आणि जेथें अगदीं नेमकें सांगावयाचें असेल तेथें 'इस्तकबील' अमुक तारीख 'तागाईत' अमुक तारीख, असें दोन्ही बाजूंस खुंट ठोकून मधला काळ बांधून घेत. रोझेट्टीच्या फ्रेंच शब्दांत गेल्या वर्षाचें गतयुग झालें. आपल्या 'गुदस्त' शब्दांत याच्या उलट घडलें. फारसींत 'गुजश्ता' म्हणजे सारा गेलेला काळ. मराठी कारकुनानें त्याला आवळून एका वर्षापुरता केला, कारण त्याला वसुलाची बाकी काढावयाची होती.

हे शब्द अलंकाराचे नव्हते, हक्काचे होते. वतनाचा वा शिवेचा तंटा गोतापुढें उभा राहिला कीं वादी-प्रतिवादी आपापली तकरीर सांगत, करीना लिहून देत, आणि सारा वाद शेवटीं एका प्रश्नाशीं येऊन ठेपे : साबीक काय चालत आलें आहे ? 'साबीकप्रमाणें चालवावें' हें वाक्य हुकुमांत पडलें कीं एका घराची चूल पेटे आणि दुसऱ्याची विझे. कागद नसला तर गांवांतले वृद्ध बोलावून त्यांची साक्ष घेत. ठरलें तें महजरांत लिहून त्यावर पाटील नांगराची निशाणी करी व बलुतेदार आपापल्या हत्यारांच्या निशाण्या करीत. जेथें मनुष्याच्या साक्षीनें भागत नसे तेथें दिव्य करावें लागे. उकळत्या तेलातुपांतून धातूचा तुकडा काढण्याचें रवादिव्य इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. गतकालाविषयीं खरें बोलण्यासाठीं हात भाजून घेण्याचीही ज्या समाजाची तयारी होती, त्याचे गतकालवाचक शब्द सैल असणें शक्यच नव्हतें.

शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें झालेला 'राज्यव्यवहारकोश' हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांत दरबारी व्यवहारांतल्या यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजिले आहेत. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर अधिकाऱ्यांचीं नांवें बदललीं. तथापि पुढें 'पेशवा' हाच शब्द मराठी राज्याचें दुसरें नांव होऊन बसला, आणि पेशजी, साबीक हेही दफ्तरांतून हलले नाहींत. नांव बदलणें सोपें असतें. ज्या शब्दाच्या आधारें कोणाची तरी जमीन उभी आहे तो बदलणें अवघड असतें.

मग ते गेले कसे ? कोणी त्यांस हांकलून लावलें असें नाहीं. मोल्स्वर्थच्या १८३१ व १८५७ च्या कोशांत फारसी वंशाच्या दफ्तरी शब्दांस ऐसपैस जागा मिळाली आहे. परंतु न्यायाची रीत बदलली. इंग्रजी कचेरींत सनावळीनें वागणारा कागद आला, सर्व्हेचा नंबर आला, आणि साबीक काय होतें हें वृद्धांस विचारण्याची गरज कमी झाली. काम गेलें तसा शब्द गेला. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी लिपीही व्यवहारांतून गेली, आणि ज्या कागदांत हे शब्द होते ते घरोघर असूनही न वाचतां येण्याजोगे झाले. याच शब्दांचा 'फार्शी-मराठी कोश' माधवराव पटवर्धनांनीं १९२५ सालीं सिद्ध केला. आणि तेच माधवराव पुढें भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते होऊन १९३८ सालीं 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिते झाले. ज्यानें शब्द मोजून ठेवले त्यानेंच त्यांना निरोप द्यावा, यांत मला विसंगति वाटत नाहीं. घर सोडतांना वस्तूंची यादी करावीच लागते.

कांहीं शब्द मात्र वाचले. 'माजी' हा त्यांतला सर्वांत भाग्यवान्. अरबींत तो 'गेलेला' या अर्थाचा, व्याकरणांत भूतकाळाचें नांव. मराठींत तो मंत्र्यांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांस लागतो. इतकेंच नव्हे, तर 'आज'पासून झालेल्या 'आजी'शीं त्याचें यमक जुळून 'आजी-माजी' अशी घरगुती जोडीही झाली. वर्धा नदीच्या पलीकडे, चंद्रपुराकडे, या शब्दाची मौज पाहावी. तिकडे मालगुजारी होती, ती १९५१ सालीं गेली, आणि मालगुजारांच्या तळ्यांस 'माजी मालगुजारी तलाव' असें सरकारी नांव पडलें. त्याचें संक्षिप्त रूप 'मामा तलाव'. वस्तुतः तलाव माजी नव्हेत. ते आजही पाणी देतात. माजी झाला तो मालक. आमच्या वऱ्हाडांत रयतवारी असल्यानें मालगुजार नव्हते, त्यामुळें आमच्या वाट्यास हा मामा आला नाहीं.

दफ्तरी शब्द गेले तसे नवे संस्कृत शब्द त्यांच्या जागीं बसले : भूतपूर्व, तत्कालीन, पुरातन. यांतला 'पूर्वाश्रमीचा' हा मला विशेष वाटतो. मुळांत तो संन्याशाचा शब्द. ज्यानें नांव, गोत्र, शिखा, सूत्र सोडलें त्याच्या मागल्या आयुष्यासाठीं. आपण तो लग्न झालेल्या मुलीच्या माहेरच्या नांवाला लावला. निमंत्रणपत्रिकेंत आणि मृत्युलेखांत तो अजून दिसतो. मुलीचें सासरीं जाणें आपल्या समाजानें किती संन्यासाच्या जवळचें मानलें, हें त्या एका शब्दावरून समजावें. तसाच 'कैलासवासी'. पुढल्या काळच्या पत्रांत शिवाजीमहाराजांस 'थोरले कैलासवासी' म्हणत. त्यांत 'पूर्वींचे राजे' असा शुष्क अर्थ नसून, ते आहेतच, पण आतां दुसरीकडे राहतात, असा भाव आहे. शब्द निवडणें म्हणजे गेलेल्याशीं आपलें नातें सांगणेंच होय.

आणि आतां माझा 'पूर्वापार'. संस्कृतांत पूर्वापर म्हणजे आधींचें आणि नंतरचें, दोन्ही टोंकें. मराठींत एक काना वाढला आणि दोन्ही टोंकें नाहींशीं झालीं. उरला तो 'फार दिवसांपासून' असा एक धूसर अर्थ. तो शब्द भव्य आहे, कानाला गोड आहे, आणि १९३० च्या आधीं कीं नंतर, या प्रश्नापुढें तो मुका आहे. इंग्रजी कवींचा 'योर' आणि माझा 'पूर्वापार' हे सख्खे भाऊ. मीं त्या वृद्धाचें निवेदन लिहिलें नव्हतें. मीं त्याला देव्हाऱ्यांतलें चांदीचें भांडें काढून दिलें होतें.

त्या दिवशीं पोडावर त्याचा प्रश्न ऐकून मी गप्प राहिलों, तेव्हां त्यानें स्वतःच उत्तर दिलें होतें. तें त्यानें पहिल्यांदाही सांगितलें होतें. सार काढण्याच्या भरांत मींच तें गाळलें होतें. तो म्हणाला, "मानमोडी आली तवा त्या घरचे तीन माणसं गेले जी. माह्या बापानं पाह्यलं. बाप तवा पोरगा होता."

मानमोडी हें १९१८ सालच्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीचें आपल्या लोकांनीं ठेवलेलें नांव. त्या साथींत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें गेलीं. १९११ ते १९२१ या दशकांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली, आणि मध्य प्रांत व वऱ्हाड हा भाग तर विशेष होरपळला. ज्या घरचीं तीन माणसें त्या साथींत येथें मेलीं, तें घर १९१८ सालीं येथें होतें. कायद्याला हवें असलेलें वर्ष १९३०. ज्याला लिहितां वाचतां येत नाहीं अशा माणसानें एका शब्दांत बारा वर्षें शिल्लक ठेवून पुरावा दिला होता, आणि इंग्रजीच्या पदवीधरानें तो खोडून 'पूर्वापार' लिहिलें होतें.

मग मीं त्याला पुन्हां सगळें विचारलें आणि शब्दशः लिहून घेतलें. त्याच्या बोलण्यांत 'पूर्वीं' हा शब्द जवळजवळ नव्हताच. मानमोडीचें साल होतें. पैनगंगेपलीकडून माणसें पळून येत ती रझाकारांची धामधूम होती, म्हणजे १९४८. बहात्तरचा दुष्काळ होता, त्यांत त्या कुटुंबानें कोणता बैल विकला तें होतें. प्रत्येक आठवणीला एक खुंट होता. दफ्तरांतले इस्तकबील आणि तागाईत गेले असें मी समजत होतों. ते पोडावर दुसऱ्या नांवांनीं जिवंत होते.

याच मुलखाविषयीं एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञानें आदिलाबादच्या राजगोंडांवरील आपला ग्रंथ १९४८ सालीं प्रसिद्ध केला. गोंडांच्या कुळांच्या कथा गाऊन सांगण्याचें काम प्रधानांचें. या प्रधानांची घरची बोली मराठी. पण किंगरी हातीं घेऊन कुळकथा सांगावयास बसले कीं ते गोंडींत गात. वर्तमानकाळ एका भाषेंत जगावयाचा आणि भूतकाळ दुसऱ्या भाषेंत जतन करावयाचा, अशी ही वांटणी. मला ती ओळखीची वाटली. आम्ही इंग्रजी शिकलेल्यांनींही तेंच केलें. फरक एवढाच कीं प्रधानांनीं दुसऱ्या भाषेंत स्वतःच्या यजमानांचा भूतकाळ सांभाळला, आणि आम्ही दुसऱ्या भाषेंत दुसऱ्यांचाच भूतकाळ पाठ केला.

यास्कानें निरुक्तांत 'पुराण' या शब्दाची फोड अशी केली आहे कीं, जें पूर्वीं नवें होतें तें पुराण. या व्युत्पत्तीविषयीं पंडितांनीं काय म्हणावयाचें तें म्हणावें. पण तींत एक मोठें शहाणपण आहे. जुनें म्हणजे जुनाट नव्हे. तेंही एकदां आजचें होतें, त्या दिवशींही कोणाचें तरी घर होतें, कोणी आजारी होतें, कोणी बैल विकत होतें. तो दिवस कोणता, हें ज्या शब्दांतून कळतें तो शब्द, मग तो कितीही गांवठी असो, इतिहासाच्या कामाचा. 'इतिहास' या शब्दाचा तरी अर्थ काय ? 'असें असें खरोखर होतें.' त्यांतला 'असें' महत्त्वाचा आहे, नुसतें 'होतें' नव्हे.

निवेदन पुन्हां वाचून दाखविलें तेव्हां वृद्धानें मध्येंच थांबवून बैलाचा रंग दुरुस्त करविला, आणि मग अंगठा उठविला. त्या दाव्याचा निकाल अजून व्हावयाचा आहे. जूनमध्यें महाविद्यालय उघडलें. वर्गांत ते इंग्रजी शब्द पुन्हां आले, तेव्हां मीं ते एकाखालीं एक लिहिले आणि संवयीनें हात कंस काढण्याकडे गेला. तो मीं आंवरला, आणि प्रत्येक शब्दासमोर वेगवेगळें लिहिलें. एका विद्यार्थ्यानें विचारलें कीं, परीक्षेंत इतकें लिहिलें पाहिजे काय. मीं त्याला सांगितलें कीं, परीक्षेंत नको, पण कोणासाठीं कधीं साक्षीचा कागद लिहिण्याची वेळ आली तर लिहावें.